डाव्या हाताला कमी दाब

पनवेलकरांची पावसाळ्यातली सकाळ हल्ली एका रंगाने सुरू होते. आज रायगडला पिवळा, उद्या नारिंगी, परवा लाल. लाल म्हटले की शाळेला सुट्टी आहे का याची चौकशी सुरू होते, नारिंगी म्हटले की लोकलचे काय होईल याची. त्या दिवशी पाऊस कोसळला तर रंगाची आठवण कोणी काढत नाही; लख्ख ऊन पडले तर मात्र वेधशाळेवरच्या विनोदांना ऊत येतो. असे दोन-तीनदा झाले की चौथ्या वेळचा लाल रंग कोणी मनावर घेत नाही आणि नेमकी तीच वेळ खरी ठरते. वेधशाळेने रंग देऊ नयेत असे मी म्हणणार नाही. घाईत असलेल्या माणसाला चार शब्दांत सांगायचे तर रंगाइतके सोयीचे दुसरे काही नाही. पण रंग ‘काय करा’ एवढेच सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. ते ‘का’ ज्या कागदावर असते तो हवामानाचा नकाशा आपल्या घरातून कधी नाहीसा झाला, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

मी शाळेत भूगोल शिकवत असे. ‘समान वायुभार असलेली ठिकाणे जोडणाऱ्या रेषेस समभार रेषा म्हणतात’ ही व्याख्या मी किती पिढ्यांकडून पाठ करून घेतली याची गणती नाही. नव्या पुस्तकांत तिला समदाब रेषा म्हणतात, बाई तीच. दोन गुणांचा प्रश्न असे, मुले तो बिनचूक लिहीत आणि शाळेच्या दारातून बाहेर पडताना विसरून जात. दोष मुलांचा नव्हता. त्या रेषेचा आणि खिडकीबाहेर फिरणाऱ्या वाऱ्याचा काही संबंध आहे, हे मीच त्यांना कधी गच्चीवर नेऊन दाखवले नाही. मला स्वतःला तो संबंध नीट कळला तो निवृत्तीनंतर, ३ जून २०२० रोजी.

टाळेबंदीचे दिवस होते. ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या रोखाने येणार हे दोन दिवस आधीपासून जाहीर झाले होते. सकाळी मी गच्चीवर गेलो तेव्हा वारा पूर्वेकडून, म्हणजे माथेरानच्या बाजूने येत होता. जूनमध्ये पनवेलला पूर्वेचा वारा! मग मला दहावीच्या मुलांना सांगितलेला बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञाचा १८५७ सालचा नियम आठवला. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असतो. मी डोंगराकडे पाठ केली, समुद्राकडे तोंड केले आणि डावा हात पसरला. तो दक्षिणेकडे गेला. वादळ तिकडेच होते. दुपारी वारा ईशान्येकडून, मग उत्तरेकडून, आणि संध्याकाळकडे वायव्येकडून येऊ लागला. माझा डावा हात दक्षिणेकडून आग्नेयेकडे, तिथून पूर्वेकडे आणि मग ईशान्येकडे सरकत गेला. अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून वादळ रायगडातून ईशान्येकडे चालले होते, आणि एक निवृत्त मास्तर गच्चीवर भिंतीला धरून हाताने त्याचा माग काढत होता. खाली घरातून सौभाग्यवतींच्या हाका चालूच होत्या, त्यांचा उल्लेख इथे पुरे.

पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ ला, ‘तौक्ते’ आले. ते किनाऱ्याला न लागता समुद्रातूनच मुंबईच्या पश्चिमेने वर सरकले आणि रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले. त्या दिवशी वारा आधी आग्नेयेकडून, नंतर दक्षिणेकडून आणि शेवटी नैऋत्येकडून आला. म्हणजे ‘निसर्ग’च्या वेळी वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरला होता, तर ‘तौक्ते’च्या वेळी काट्यांप्रमाणे. हा नियम जुन्या शिडाच्या जहाजांवरच्या तांडेलांना ठाऊक असे: उत्तर गोलार्धात वारा काट्यांप्रमाणे फिरत गेला तर तुम्ही वादळाच्या वाटेच्या उजव्या अंगाला आहात, उलट फिरला तर डाव्या. उजवे अंग वाईट. तिथे वादळाच्या स्वतःच्या चालीचा वेग वाऱ्याच्या वेगात मिळतो. डाव्या अंगाला तो वजा होतो. ‘निसर्ग’च्या डाव्या अंगाला पनवेल होते, मुंबई होती. उजव्या अंगाला दिवेआगर, श्रीवर्धन, म्हसळा. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. सुपारीचे झाड धरायला लागायलाच पाच-सात वर्षे जातात, त्यामुळे त्या दुपारीचा हिशेब तिथे कितीतरी काळ चालू राहिला. आम्ही पनवेलकर मात्र ‘उगाच घाबरवले’ म्हणत दुसऱ्या दिवशी पत्रे गोळा करत होतो. उगाच नव्हते. आपण वाटेच्या कोणत्या अंगाला होतो, एवढाच फरक होता.

वादळाला ‘सायक्लोन’ हे नाव ठेवले ते कलकत्त्यात, १८४८ साली, हेन्री पिडिंग्टन या माणसाने. सापाच्या वेटोळ्यावरून त्याने तो ग्रीक शब्द घडवला. १८६४ साली कलकत्ता एका चक्रीवादळाने उद्ध्वस्त झाले, १८६६ चा ओरिसाचा दुष्काळ पाठोपाठ आला, आणि मग १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय काही काळ सिमल्याला होते, ते १९२८ साली पुण्याला शिवाजीनगरात आले. म्हणूनच पुणेकर त्या दगडी इमारतीला आणि तिथल्या चौकाला अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पुण्यातल्या पुण्यात सिमला कुठून आला, हे विचारणारा रिक्षावाला मला भेटलेला आहे.

नकाशा तयार होतो तो असा. सकाळी साडेआठला देशभरच्या वेधशाळा वायुभारमापक वाचतात, वाऱ्याची दिशा आणि वेग नोंदतात. ते आकडे नकाशावर त्या त्या गावी मांडले की सारखे आकडे जोडत रेषा काढायच्या, आपल्याकडे सहसा दोन-दोन मिलीबारच्या अंतराने. (मिलीबारला आता हेक्टोपास्कल म्हणतात; आकडा तोच राहतो, त्यामुळे मी जुन्याच नावाला चिकटून आहे.) वाऱ्यासाठी एक छोटी काठी काढतात. ती गावाच्या ठिपक्यापासून वारा ज्या दिशेने येतो तिकडे जाते आणि तिच्या टोकाला पिसे असतात: पूर्ण पीस म्हणजे दहा नॉट, अर्धे म्हणजे पाच, भरीव त्रिकोण म्हणजे पन्नास. एक नॉट म्हणजे तासाला जवळजवळ पावणेदोन-दोन किलोमीटर. बस, एवढी लिपी आली की नकाशा वाचता येतो.

पण एक अडचण आधीच मिटवलेली असते. दाब उंचीप्रमाणे उतरतो, जमिनीलगत साधारण आठ मीटरला एक मिलीबार. पनवेलहून वायुभारमापक घेऊन माथेरानला चढलात तर काटा ऐंशी-नव्वद मिलीबार खाली येईल. ‘निसर्ग’च्या केंद्रातला दाब ९८४ मिलीबार होता, म्हणजे आजूबाजूपेक्षा वीसएक मिलीबार कमी, माथेरानची सहल म्हणजे तशी चार वादळे पार करण्यासारखे झाले! म्हणून सगळे आकडे आधी समुद्रसपाटीचे करून घेतात. माझी नात पुण्याला शिकते. तिच्या मोबाइलमध्ये वायुभार मोजणारा सूक्ष्म घटक आहे. गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला, “आजोबा, इथे साठ मिलीबार कमी दाखवतंय, वादळ येतंय का?” मी म्हटले, “अगं, तू घाट चढून गेलीस, वादळ कुठे?” तीच एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत इथे असताना दुपारी चारला धावत आली, की सकाळपासून दाब तीन मिलीबार उतरला. तोही रोजचाच खेळ. उष्ण कटिबंधात दाबाला भरती-ओहोटी असते: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला चढ, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला उतार. म्हणून आजच्या साडेआठची तुलना कालच्या साडेआठशीच करायची. आमच्याकडे भिंतीवर एक जुना विलायती वायुभारमापकही आहे, त्याच्या तबकडीवर ‘वादळ’, ‘पाऊस’, ‘बदल’, ‘स्वच्छ’ असे इंग्रजीत लिहिले आहे. ते विलायतेच्या हवेला धरून. पनवेलला जुलैत छत गळत असताना काटा ‘बदल’वर निवांत बसलेला असतो.

आता रेषांकडे येऊ. डोंगराच्या नकाशावर समोच्च रेषा जवळजवळ आल्या की कडा, दूर गेल्या की पठार, तसेच हेही. समभार रेषा दाटल्या की वारा जोराचा, विरळ झाल्या की मंद. फरक एवढाच की पाणी उतारावरून सरळ खाली येते, वारा तसा येत नाही. तो जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघतो खरा, पण पृथ्वी फिरत असल्याने उत्तर गोलार्धात उजवीकडे ढकलला जातो आणि अखेरीस रेषा कापण्याऐवजी जवळजवळ रेषांच्या कडेकडेने वाहू लागतो. जमिनीचे घर्षण त्याला थोडा आत वळवते, समुद्रावर ते वळणही कमी. कमी दाबाभोवती वारा घड्याळाच्या उलट का फिरतो आणि डाव्या हाताचा नियम कुठून आला, याचे उत्तर या एका ढकलण्यात आहे.

जुलैचा कोणताही नकाशा उघडा. पाकिस्तान आणि राजस्थानच्या तापलेल्या भूमीवर कमी दाब, तिथून गंगेच्या मैदानावरून बंगालच्या उपसागराच्या माथ्यापर्यंत गेलेली एक लांबट खोलगट, आणि दूर दक्षिण हिंदी महासागरात मॉरिशसच्या बाजूला जास्त दाबाचा डोंगर. पनवेलला नैऋत्येचा वारा पाठीवर घेऊन उभे राहिलात तर डावा हात वायव्येला जातो, थेट राजस्थानकडे. केरळच्या किनाऱ्यापासून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत बोट फिरवत किती रेषा लागतात ते मोजा. चार-पाच लागल्या, म्हणजे आठ-दहा मिलीबारचा फरक असला, तर मोसमी वारा जोरात आहे. एक-दोनच लागल्या तर छत्री घरी ठेवायला हरकत नाही.

आणि इथे मला आमच्या वृत्तपत्रांशीच थोडे भांडायचे आहे. ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा निर्माण झाल्याने कोकणात जोरदार पाऊस’ हे वाक्य आपण आयुष्यभर वाचत आलो. उपसागरात जे होते तो बहुधा पट्टा नसतो, ते गोलाकार क्षेत्र असते, बंद रेषांनी वेढलेले. पट्टा खरोखर असतो तो आपल्या दारात: पावसाळ्यात गुजरातपासून कर्नाटक-केरळपर्यंत किनाऱ्यालगत पसरणारी कमी दाबाची द्रोणी. नकाशावर किनाऱ्याशी येताच रेषा वाकलेल्या दिसतात, ती ती. दोन्हींना एकच शब्द वापरल्याने वाचकाला दोन्ही कळत नाहीत. ओरिसाजवळचे क्षेत्र हजारएक किलोमीटरवरून पनवेलला पाऊस पाडते ते कसे? ते क्षेत्र पश्चिमेकडे छत्तीसगड, विदर्भाच्या वाटेने सरकू लागले की त्याच्या दक्षिण अंगाच्या रेषा आपल्या बाजूला दाटतात, अरबी समुद्रावरून येणारा पश्चिमेचा वारा तेजीत येतो आणि सह्याद्रीवर जाऊन आदळतो. पाऊस उपसागरातून उचलून आणलेला नसतो, ओढ तिकडची असते आणि पाणी आपल्याच समुद्राचे. उलट ती लांबट खोलगट हिमालयाच्या पायथ्याशी गेली की आपल्याकडे रेषा सैलावतात, ऊन पडते आणि त्याच वेळी बिहार-नेपाळच्या नद्या फुगतात.

बंद रेषांची मोजणी हाही एक सोपा धडा आहे. जमिनीवर दोन मिलीबारच्या अंतराने एक बंद रेषा असेल तर साधे कमी दाबाचे क्षेत्र, दोन असतील तर अवदाब, तीन तर तीव्र अवदाब, चार किंवा अधिक तर चक्रीवादळ. वाऱ्याच्या मापाने म्हणाल तर ताशी ६२ किलोमीटरला चक्रीवादळ हे नाव लागते. २४ मे २०२५ ला असाच एक अवदाब रत्नागिरी-दापोलीच्या मधे किनाऱ्यावर चढला. त्या सुमाराला पनवेलला वारा पुन्हा पूर्वेचा, डावा हात पुन्हा दक्षिणेला. मोसमी पाऊस त्याच दिवशी केरळात पोचला होता, तो २६ मे रोजी मुंबईत नोंदला गेला. याआधीची सर्वांत लवकरची नोंद २९ मेची होती. आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याने राब भाजून ठेवले होते, रोहिणीत धूळवाफेची पेरणी करायची म्हणून. धूळ राहिलीच नाही. ‘मे महिन्यात पाऊस’ एवढी बातमी त्याच्या काय कामाची? नकाशा मात्र दोन-तीन दिवस आधीपासून कोकणासमोरच्या समुद्रात गोल रेषा दाखवत होता.

नकाशाची मर्यादा सांगितली नाही तर मी खोटा ठरेन. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७० ते ७५. त्या दिवशीच्या नकाशावर जोमदार मोसमी द्रोणी होती, उपसागरातून आलेले क्षेत्र होते; पण दोन मिलीबारच्या रेषांच्या जाळ्यातून तो एक ढगांचा समूह अलगद निसटला. मोठ्या जाळीच्या जाळ्यात बोंबील सापडत नाहीत, तसेच. म्हणून आता रडार आहेत, आणि मे २०२५ पासून पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली सहा किलोमीटरच्या चौकटीची पूर्वानुमान प्रणाली वापरात आली आहे. तरीही १९ जुलै २०२३ च्या रात्रीची इर्शाळवाडी विसरता येत नाही. आमच्याकडून दिसणाऱ्या इर्शाळगडाच्या कुशीतली ती ठाकरवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसे बेपत्ताच राहिली. पाऊस येणार हे नकाशा सांगत होता, कोणती कडा सुटणार हे तो सांगू शकत नव्हता, आणि धोक्याच्या गावांच्या यादीत ती वाडी नव्हती. ‘तौक्ते’च्या वेळी उलट झाले. इशारा आधीच मिळालेला होता, तरी पी-३०५ हा तराफा आणि ‘वरप्रदा’ ही टग समुद्रात राहिली आणि सत्तरहून अधिक माणसे गेली.

जिल्ह्याच्या एका रंगाबद्दलची माझी तक्रार इथून येते. रायगड उरणच्या खाडीपासून पोलादपूरच्या घाटापर्यंत पसरलेला आहे. एकच लाल रंग दोन्हीकडे एकच अर्थ सांगत नाही. नैऋत्येचा वारा दाट रेषांतून सह्याद्रीला काटकोनात भिडत असेल तर धास्ती वाड्यांनी बाळगायची, माथेरान-प्रबळगडाच्या कुशीतल्या. पनवेल शहराची गोष्ट निराळी. गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून निघते आणि शहराच्या अंगाने खाडीला मिळते. डोंगरावर रात्रभर कोसळले आणि सकाळी अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती असली की नदीचे पाणी खाडी घेत नाही, ते मागे फिरते. म्हणजे पनवेलकराने नकाशाबरोबर पंचांगही उघडायला हवे. कोळीवाड्यातले माझे एक स्नेही हे दोन्ही न उघडता सांगतात. पूर्वी बंदरावर बावटे लागत, आजही लागतात. ‘तीन नंबरचा बावटा’ म्हणजे काय हे कोळ्याच्या पोराला विचारावे लागत नाही, कारण त्या आकड्यावर घरातला माणूस समुद्रात जाणार की नाही हे ठरते.

शेजारीच आता नवी मुंबईचा विमानतळ उभा आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. त्याच्या धावपट्ट्यांवरचे आकडे आहेत ०८ आणि २६, म्हणजे त्या जवळजवळ पूर्व-पश्चिम आहेत, एका टोकाला ८० अंश आणि दुसऱ्याला २६०. विमान वाऱ्याला सामोरे जाऊनच चढते, उतरते. तेव्हा पावसाळ्यात विमाने पश्चिमेकडे उठताना दिसली तर मोसमी वारा जागेवर आहे असे समजा, आणि भर जुलैत ती पूर्वेकडे उठू लागली तर नकाशा उघडून बघा. वैमानिकाला उतरण्यापूर्वी तिथला दाब सांगतात, त्यावर तो आपला उंचीमापक लावतो. एक मिलीबार चुकला तर सत्तावीस-अठ्ठावीस फुटांची चूक. लाल-पिवळ्यावर त्याचे भागत नाही.

माझे म्हणणे फार मोठे नाही. हवामान खाते हे नकाशे रोज आपल्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहायला ठेवते. राशिभविष्याला वृत्तपत्रात जेवढी जागा मिळते तेवढी या नकाशाला द्या. महापालिकेने आपल्या फलकावर सकाळचा नकाशा आणि भरतीची वेळ लावावी. शाळांनी त्या दोन गुणांच्या व्याख्येसाठी मुलांना दहा मिनिटे गच्चीवर न्यावे. सुट्टी मिळाली म्हणून आनंदणाऱ्या मुलाला ती का मिळाली हे कळले, तर तो घरी जाऊन आईला नदीकाठच्या रस्त्याने जाऊ नको म्हणून सांगेल, आणि तिला ते पटेलही.

‘निसर्ग’पासून मी एक वही ठेवली आहे. साडेआठला वर जायचे, वाऱ्याला पाठ द्यायची, डावा हात कुठे गेला ते लिहायचे, मग खाली येऊन नकाशाशी ताडून बघायचे. दहातल्या आठ-नऊ वेळा जमते. खारे वारे आणि मतलई वारे सुटतात त्या कोरड्या दिवसांत फसते, तेव्हा शेजारी ‘फसले’ असे लिहून ठेवतो. सुट्टीत नात आली की वही तिच्याकडे जाते. गेल्या खेपेचे तिचे टिपण असे आहे: ‘वारा नैऋत्य. हात वायव्येला. आजोबांची टोपी गेली, ईशान्येला.’